दीक्षा

दीक्षा : यज्ञ, व्रत, संप्रदाय किंवा धर्म यांसाठी व्यक्तीला विधिपूर्वक पात्र करून तिचा त्यात प्रवेश घडविणे, या संस्काराला दीक्षा असे म्हणतात. दीक्षा घेणाऱ्यास ‘दीक्षित’ व देणाऱ्यास ‘दीक्षागुरू’ अशी संज्ञा आहे. मराठीत या शब्दाचा व्याप मोठा आहे. संन्यासाची दीक्षा, मंत्राची दीक्षा, धर्माची दीक्षा हे प्रयोग तर रूढ आहेतच. पण उस्तादाने शिष्याला गायनाची दीक्षा दिली किंवा एखाद्या पुढाऱ्याने तरुणांना देशसेवेची दीक्षा दिली, असेही सहज म्हटले जाते. या सर्व प्रयोगांत दोन गोष्टी गृहीत असतात : काही तरी नव्याने सुरू झाले आहे आणि कोणी तरी आत घेतला गेला आहे. मूळ शब्दात मात्र यांपैकी एकही अर्थ नाही. प्रारंभ व प्रवेश हे अर्थ त्याला कसे चिकटले आणि आत कोणाला घ्यावयाचे हा वाद त्याच्याभोवती कसा वाढत गेला, याचा इतिहास सु. तीन हजार वर्षांचा आहे.

‘दीक्ष्’ या धातूचे पाणिनीय धातुपाठात पाच अर्थ दिलेले आहेत : मुंडन करणे, यजन करणे, उपनयन करणे, नियम पाळणे आणि व्रताचा आदेश देणे. हे पाचही अर्थ कृतींचे आहेत. त्यांवरून धातूच्या मूळ अर्थाचा उलगडा होत नाही. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी ‘दीक्ष्’ हे ‘दक्ष्’ (समर्थ असणे) या धातूचे इच्छार्थक रूप मानले आहे. त्यानुसार दीक्षा म्हणजे समर्थ होण्याची, अंगी पात्रता आणण्याची इच्छा. इतर काहींनी ते ‘दह्’ (जाळणे) या धातूशी जोडले आहे. तसे असल्यास तपाने स्वतःला तापवून घेण्याची इच्छा हा अर्थ होतो. पहिली व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या अधिक सुकर आहे. दुसरी आशयाला अधिक जवळची आहे, कारण वैदिक वाङ्मयात दीक्षा आणि तप ही जोडी वारंवार एकत्र येते. शतपथ ब्राह्मणाने तिसरीच वाट धरली आहे. ‘धी’ म्हणजे बुद्धी वा ध्यान या शब्दाशी संबंध जोडून ‘दीक्षित’ हा खरे तर ‘धीक्षित’ होय, असे ते सांगते. पुढे तांत्रिकांनी शब्दाची दोन अक्षरे वेगळी करून, जिच्यामुळे ज्ञान दिले जाते (दी) व पाश क्षीण होतात (क्षा) ती दीक्षा, अशी फोड केली. या शेवटच्या दोन व्युत्पत्ती व्याकरणाला धरून नाहीत; परंतु त्या त्या काळातील लोकांना या शब्दात काय दिसत होते, हे त्यांवरून नेमके कळते.

या बाबतीत यूरोपीय भाषांशी तुलना उद्बोधक ठरते. लॅटिनमध्ये ‘इनिशियम’ म्हणजे प्रारंभ. तो शब्द ‘आत जाणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला आहे आणि त्याचेच अनेकवचन गूढ धर्मविधींसाठी वापरले जाई. आत जाणे, आरंभ करणे आणि गुह्य विधीत सामील होणे हे तिन्ही अर्थ तेथे एकाच शब्दात मुळापासून नांदतात. ग्रीकांचा शब्द ‘मिटणे’ या क्रियेवरून आला असावा. डोळे मिटून वा तोंड मिटून जो आत येतो, तो दीक्षित. अथेन्सजवळील इल्यूसिस येथील विधींत स्त्रिया व गुलाम यांनाही प्रवेश असे. मात्र ज्याच्या हाताला मनुष्यवधाचे रक्त लागले आहे किंवा ज्याला ग्रीक भाषा बोलता येत नाही, त्याला दाराबाहेर ठेवीत. संस्कृत शब्दात दार नाही. त्यात आहे ती तयारी : सामर्थ्य, ताप, ध्यान. दार नंतर बसविले गेले.

वैदिक दीक्षा : अथर्ववेदात दीक्षा हा शब्द सत्य, ऋत व तप यांच्या मालिकेत, पृथ्वीला धारण करणाऱ्या तत्त्वांपैकी एक म्हणून येतो. त्याच वेदातील ब्रह्मचाऱ्यासंबंधीच्या सूक्तात काळवीटाचे कातडे पांघरलेला, लांब दाढीचा ब्रह्मचारी ‘दीक्षित’ म्हटला आहे. परंतु दीक्षेचे तपशीलवार वर्णन मिळते ते सोमयागाच्या संदर्भात. सोमयाग करणाऱ्या यजमानाला आरंभी ‘दीक्षणीया’ नावाची इष्टी करावी लागे. त्याची दाढी-डोई करून नखे काढीत, स्नान घालीत, अंगाला लोणी व डोळ्यांत अंजन लावीत. मग तो नवे वस्त्र नेसे, कृष्णाजिनावर बसे, कमरेला मेखला बांधी, हाती औदुंबराचा दंड घेई. अंगाला खाज सुटल्यास बोटाने खाजवावयाचे नाही. त्यासाठी काळवीटाचे शिंग जवळ बाळगावयाचे. मुठी मिटलेल्या ठेवावयाच्या. त्याने मोजके बोलावे, व्रताचे दूध प्यावे. इतरांनी त्याचे अन्न खाऊ नये. यजमानपत्नीलाही दीक्षा असे व तिच्या कमरेला मुंज गवताचे योक्त्र बांधीत.

या विलक्षण नियमांचा खुलासा ऐतरेय ब्राह्मणाने केला आहे. ऋत्विज ज्याला दीक्षा देतात, त्याला ते पुन्हा गर्भ बनवितात, असे ते सांगते. दीक्षितासाठी बांधलेला मंडप हे गर्भाशय, वस्त्र हे गर्भावरील आवरण, कृष्णाजिन ही वार. गर्भ मुठी मिटून असतो म्हणून दीक्षिताच्याही मुठी मिटलेल्या. म्हणजे येथे मनुष्य कोठे प्रवेश करीत असेल, तर तो गर्भात. यज्ञाच्या शेवटी तो नव्याने जन्मलेला म्हणून बाहेर येतो. आर्नल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या : जुन्या स्थितीपासून तुटणे, मधला अधांतरी काळ आणि नव्या स्थितीत सामावले जाणे. ब्राह्मणग्रंथकारांनी त्यांतील मधल्या अवस्थेचे इतके बारीक चित्र रेखाटले आहे, की ही कल्पना त्यांना अपरिचित होती असे म्हणवत नाही.

या विधीतील एक प्रसंग विशेष लक्षणीय आहे. दीक्षा पूर्ण होताच, हा ब्राह्मण दीक्षित झाला आहे, अशी घोषणा तीनदा हळू व तीनदा मोठ्याने करीत. यजमान क्षत्रिय अथवा वैश्य असला, तरी घोषणा ‘ब्राह्मण’ अशीच व्हावयाची. कारण जो यज्ञापासून जन्मतो तो ब्रह्मापासून जन्मतो, असे कारण शतपथ ब्राह्मण देते. जन्माने ठरणारी ओळख विधीने बदलू शकते, हे तत्त्व येथे स्वच्छ मान्य केलेले आहे. परंतु त्याच ग्रंथाने यज्ञमंडपात तीन वर्णांनाच प्रवेश ठेवला आहे. दीक्षिताला शूद्राशी काही बोलावयाचेच झाल्यास त्याने ते तिऱ्हाइताकरवी बोलावे, असेही तो सांगतो. आत आलेल्या तिघांतही पुन्हा भेद आहेच. तैत्तिरीय संहितेनुसार व्रताचा आहार ब्राह्मणाला दूध, क्षत्रियाला यवागू म्हणजे पातळ पेज आणि वैश्याला आमिक्षा म्हणजे फाटलेल्या गरम दुधातील घट्ट भाग असा आहे. घोषणेपुरते तिघेही ब्राह्मण. पेल्यात मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

वैदिक दीक्षेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती संपते. यागाच्या अखेरीस ‘अवभृथ’ नावाचे स्नान असे. त्या वेळी दीक्षेची वस्त्रे व साधने पाण्यात सोडून देऊन यजमान दुसरी वस्त्रे नेसे आणि पुन्हा आपल्या घरी व व्यवहारात येई. पुन्हा सोमयाग करावयाचा झाल्यास पुन्हा दीक्षा. अमरकोशात ‘दीक्षान्त’ हा शब्द या अवभृथाचा पर्याय म्हणून दिला आहे. विद्यापीठांच्या पदवीदानाला अलीकडे ‘दीक्षान्त समारंभ’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द योजणाऱ्यांच्या मनात यज्ञस्नान असेलच असे नाही, पण कोशाच्या दृष्टीने तो अचूक आहे. याउलट ‘दीक्षित’ या आडनावाची गोष्ट आहे. सोमयाग केलेल्या व्यक्तीची ही तात्पुरती अवस्था पुढे सन्मानाची उपाधी झाली आणि उपाधीचे आडनाव होऊन ती वंशपरंपरेने चालू राहिली. वैयाकरण भट्टोजी दीक्षित (सतरावे शतक) किंवा भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या नावांत ती टिकून आहे. जे स्नानाबरोबर संपावयाचे, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

दीक्षेशी निकटचा संबंध असलेला संस्कार म्हणजे उपनयन. त्यातही मेखला, दंड व अजिन आहेत. आचार्य ब्रह्मचाऱ्याला तीन रात्री गर्भाप्रमाणे आपल्या उदरात धारण करतो, अशी कल्पना अथर्ववेदात आहे. पण ‘उपनयन’ या शब्दाचा अर्थच ‘जवळ नेणे’ असा असल्याने प्रवेशाची कल्पना त्यात उघड आहे, आणि तिच्याबरोबर वय व वर्ण यांच्या मर्यादाही. ब्राह्मणासाठी आठवे, क्षत्रियासाठी अकरावे व वैश्यासाठी बारावे वर्ष; उशिरात उशिरा अनुक्रमे सोळा, बावीस व चोवीस. त्यापुढे तो ‘व्रात्य’ ठरे व प्रायश्चित्तावाचून त्याला दार उघडत नसे. या नियमाचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातील आहे. राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांची मुंज गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली २९ मे १६७४ रोजी झाली, तेव्हा महाराजांचे वय ४४ वर्षांचे होते. किल्ले, आरमार, खजिना व प्रजा हाताशी असलेल्या राजालाही सिंहासनावर विधिपूर्वक बसण्याआधी या एका दारातून जावे लागले. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक केला. दीक्षेच्या दोन परंपरा एकाच राजापाशी अशा चार महिन्यांच्या अंतराने पोहोचल्या.

श्रमण परंपरा : बौद्ध व जैन धर्मांनी यज्ञ नाकारला, त्यामुळे यज्ञापुरत्या दीक्षेला तेथे स्थान उरले नाही. त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. घर सोडून आलेल्या माणसाला संघात कसे घ्यावे, हा तो प्रश्न. पाली वाङ्मयात यासाठी ‘पब्बज्जा’ (घराबाहेर पडणे) आणि ‘उपसंपदा’ (संघाचे पूर्ण सदस्यत्व) असे दोन शब्द आहेत. आरंभी बुद्ध ‘ये’ एवढे म्हणून भिक्षू करून घेत. नंतर त्रिशरणाचा उच्चार पुरेसा मानला गेला. अखेर उपसंपदेचा अधिकार एकट्या गुरूकडून काढून संघाकडे देण्यात आला : प्रस्ताव एकदा मांडावयाचा, तीनदा पुकारा करावयाचा आणि सर्व गप्प राहिले तर संमती समजावयाची. प्रवेशाचा निर्णय सभेने घेण्याची ही पद्धत दीक्षेच्या इतिहासात अपूर्व होय.

विनयपिटकातील ‘महावग्ग’ या भागात हे नियम कसकसे होत गेले, याच्या कथा आहेत आणि त्या मोठ्या वेधक आहेत. राजगृहातील एका आईबापांनी आपल्या उपाली नावाच्या मुलाच्या भवितव्याचा विचार केला. लेखन शिकविले तर बोटे दुखतील, हिशेब शिकविला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकविली तर डोळे दुखतील. शाक्यपुत्र श्रमण मात्र सुखाने जेवतात व निवाऱ्यात निजतात, तेव्हा याने भिक्षूच व्हावे, असे त्यांनी ठरविले. उपाली आपल्या सवंगड्यांसह, एकूण सतरा मुले, संघात दाखल झाला आणि पहाटे उठून ती पेज मागत रडू लागली. त्यावरून उपसंपदेसाठी पूर्ण वीस वर्षे वयाची अट घातली गेली. मगधात रोगांची साथ आली असता जीवक वैद्याचे औषध मिळावे म्हणून लोक भिक्षू होऊ लागले व बरे होताच चीवर उतरवू लागले. तेव्हा कुष्ठ, क्षय इ. पाच रोगांच्या रोग्यांना मनाई झाली. राजाचे सैनिक, कर्जदार, दास यांनाही दार बंद झाले. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने केलेल्या विनंतीवरून आईबापांची अनुज्ञा आवश्यक ठरली. म्हणून उमेदवाराला प्रश्न विचारले जाऊ लागले : स्वतंत्र आहेस ना? ऋणमुक्त आहेस ना? वीस वर्षे पुरी झाली ना? त्यांत ‘मनुष्य आहेस ना?’ असाही एक प्रश्न आहे, कारण एका नागाने मनुष्यरूप घेऊन दीक्षा मिळविली होती, अशी कथा आहे. थायलंडमध्ये भिक्षू होऊ घातलेल्या तरुणाला आजही ‘नाक’ म्हणजे नाग असेच संबोधतात. या प्रश्नावलीत जातीचा प्रश्न नाही. मात्र दास व कर्जदार यांना अडविणारी अट धन्याच्या व सावकाराच्या हक्काला शरण जाणारी आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

या नियमांतील एक सवलत दक्षिणेकडील देशासाठी दिलेली आहे. उपसंपदेला दहा भिक्षूंची सभा लागे. अवंती-दक्षिणापथात भिक्षू विरळ असल्याने सोण कुटिकण्ण याला तीन वर्षे तिष्ठावे लागले. त्याने हे गाऱ्हाणे बुद्धांच्या कानी घातल्यावर सीमेवरच्या देशांत पाच भिक्षूंची सभा पुरेशी मानण्यात आली. बौद्ध उपसंपदेतून परत फिरण्याची वाटही खुली आहे. भिक्षुत्व सोडल्याचे स्पष्ट शब्दांत सांगून कोणालाही गृहस्थाश्रमात परतता येते.

जैन परंपरेने ‘दीक्षा’ हा शब्द स्वीकारला, पण त्याचा अर्थ उलटा केला. वैदिक दीक्षा मुदतीची. जैन मुनिदीक्षा आजन्म. तीर्थंकराच्या चरित्रातील पाच कल्याणकांत दीक्षा हे एक मानले जाते. महावीरांनी पाच मुठींत आपले केस उपटून टाकले. तो केशलोच दीक्षाविधीचा गाभा आहे. श्वेतांबरांत प्रथम दीक्षा व काही काळानंतर ‘बडी दीक्षा’ होते. दिगंबरांत क्षुल्लक, ऐलक व मुनी अशा पायऱ्या आहेत. अजाण मुलांनी आजन्म व्रत घ्यावे काय, हा वाद येथे वारंवार उद्‌भवला. मुंबई विधानसभेत १९५५ मध्ये बालदीक्षेला प्रतिबंध करणारे विधेयक मांडण्यात आले होते. समाजातील तीव्र मतभेदांमुळे त्याचा कायदा झाला नाही.

आगमिक व तांत्रिक दीक्षा : शैव, वैष्णव व शाक्त आगमांत दीक्षा हाच मोक्षाचा मुख्य उपाय झाला. शैव सिद्धांताची भूमिका अशी, की जीवाला बांधणारा मल हे एक द्रव्य आहे. डोळ्यावरची सारा जशी नुसत्या ज्ञानाने जात नाही, वैद्याच्या हस्तक्रियेनेच निघते, तसा मल क्रियेनेच निघतो. ती क्रिया म्हणजे दीक्षा. समयदीक्षा, विशेषदीक्षा व निर्वाणदीक्षा असे तिचे चढते प्रकार आहेत. समयदीक्षेत शिष्याचे डोळे बांधून त्याला मंडलापाशी आणतात व हातातील फूल टाकावयास लावतात. फूल ज्या भागावर पडेल त्यावरून त्याचे नवे नाव ठरते. निर्वाणदीक्षेत शेंडीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक सूत्र लोंबते ठेवून त्यात शिष्याचे पाश कल्पितात आणि त्याचे भाग क्रमाने तोडून अग्नीत टाकतात. कुलार्णव तंत्राने स्पर्शाने, दृष्टीने व केवळ मनाने दिलेल्या दीक्षांना पक्षीण, मासोळी व कासवी यांचे दृष्टांत दिले आहेत. मराठी संतवाङ्मयात कासवी पिलांना दृष्टीने पोसते. तंत्रात मात्र ती त्यांना नुसत्या आठवणीने वाढविते.

या दीक्षेला राजाश्रय लवकर लाभला. बादामीचा चालुक्य राजा पहिला विक्रमादित्य याने ६६० मध्ये शैव दीक्षा घेऊन आपल्या गुरूला दान दिल्याचे ताम्रपटावरून कळते. राजे, बालके, वृद्ध, रुग्ण व स्त्रिया यांच्यासाठी नित्याचे आचार माफ करणारी ‘निर्बीज’ दीक्षा होती. राज्य सांभाळून मोक्ष मिळण्याची ही सोय राजांना मानवली यात नवल नाही. कोकणातील शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटात (१००८) मत्तमयूर या शैव परंपरेतील आचार्यांना दिलेल्या दानाचा उल्लेख आहे; त्यावरून या परंपरेचा महाराष्ट्रातील विस्तार ध्यानात येतो.

प्रवेशाच्या प्रश्नावर आगमांनी धाडसी उत्तर दिले होते. चारही वर्णांना दीक्षेचा अधिकार आहे. दीक्षित सर्व एक होत, त्यांनी एकत्र बसावे आणि पूर्वीच्या जातीचा उल्लेखही करू नये, असे स्वच्छंदतंत्र सांगते. अन्य मतातून आलेल्याच्या जुन्या मताची खूण आधी पुसून टाकणारा ‘लिंगोद्धार’ नावाचा स्वतंत्र विधीही होता. परंतु उत्तरकालीन शैव पद्धतिकारांनी वर्णाश्रमाशी जुळवून घेतले. दीक्षेने आत्मा बदलतो, जात बदलत नाही, असा अर्थ पुढे रूढ झाला. वैदिक घोषणेचे जे झाले, तेच येथेही झाले.

मध्ययुगीन महाराष्ट्र : बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या चळवळीने या प्रश्नाला पुन्हा हात घातला. लिंगायत संप्रदायात वेधदीक्षा, मंत्रदीक्षा व क्रियादीक्षा असे तीन प्रकार असून क्रियादीक्षेने इष्टलिंग प्राप्त होते. ते मुलाप्रमाणेच मुलीलाही मिळते. उपनयन मुलग्यांपुरते मर्यादित झालेल्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. महानुभाव पंथात गृहस्थ ‘उपदेशी’ व दीक्षा घेतलेले संन्यासी असे दोन वर्ग असून महदाइसेसारख्या स्त्रियांना संन्यासमार्ग खुला होता. नाथपंथात गुरुपरंपरा हीच दीक्षा होय. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे व त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे ती आली.

वारकरी संप्रदायाचे वळण याहून निराळे आहे. तेथे मंडल नाही, होम नाही, मुंडन नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून घेणे व पंढरीच्या वारीचा नेम धरणे एवढ्यावर मनुष्य माळकरी होतो. बहुधा म्हणूनच मराठीत ‘दीक्षा घेणे’ हा शब्द वारकऱ्यांविषयी वापरीत नाहीत. ‘माळ घालणे’ असेच म्हणतात. तुकोबांना बाबाजी चैतन्य यांनी ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला तो स्वप्नात. दीक्षेचा दारवानच येथे जवळपास नाहीसा झालेला आहे. अर्थात माळ सर्वांना मिळाली, तरी मंदिराचे दार सर्वांना उघडले नव्हते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले होण्यास साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण व्हावे लागले.

धम्मदीक्षा : विसाव्या शतकात या शब्दाला सर्वांत मोठे वळण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. पुढील वर्षी मुंबईत केलेल्या भाषणात त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. त्या वेळच्या चर्चेतील मुख्य शब्द ‘धर्मांतर’ हा होता. तो सोडून जाण्याचा शब्द आहे. वीस वर्षांनी प्रत्यक्ष सोहळा झाला, तेव्हा त्याला ‘धम्मदीक्षा’ हे नाव मिळाले आणि भर सोडण्यावरून स्वीकारण्यावर आला.

या नावामागे इतिहासाचा एक निश्चित अन्वयार्थ आहे. द बुद्ध अँड हिज धम्म या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या (१९५७) ग्रंथात आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले, की प्राचीन बौद्ध धर्मात संघात येण्यासाठी विधी होता, पण गृहस्थ राहून धम्मात येऊ इच्छिणाऱ्यासाठी स्वतंत्र दीक्षा नव्हती. ही गंभीर उणीव होती व भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण होते. हे मत सर्व अभ्यासकांना मान्य होईल असे नाही, कारण त्रिशरण व पंचशील स्वीकारून उपासक होण्याची रीत प्राचीनच आहे. तथापि भिक्षू व्हावयाचे तर परीक्षा, सभा व नोंद. उपासक व्हावयाचे तर एक उच्चार, हा फरक खरा आहे. दार नसलेल्या घरात कोण आले व कोण गेले हे कळत नाही, ही त्यांची अडचण होती. इतर परंपरांत दारामुळे माणसे बाहेर राहिली. येथे दार नसल्यामुळे ती टिकली नाहीत, असे हे निदान आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपूर येथे कुशीनगरचे ब्रह्मदेशीय भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून आंबेडकरांनी पत्नी सविताबाईंसह त्रिशरण व पंचशील घेतले. त्यानंतर त्यांनी स्वतः समोरच्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली. दोन दिवसांनी चांदा (चंद्रपूर) येथेही असाच समारंभ झाला. दीक्षा देणारा गृहस्थ, तोही त्याच सकाळी दीक्षित झालेला. घेणारा एकेक शिष्य नसून सारा समाज. मंत्र कानात न सांगता मोकळ्या मैदानात सर्वांनी मिळून उच्चारलेला. आणि स्त्रीपुरुष, लहानथोर यांना एकच विधी. यांतील प्रत्येक गोष्ट जुन्या दीक्षापद्धतींशी ताडून पाहिली असता नवी ठरते. त्रिशरण-पंचशीलाच्या जोडीला आंबेडकरांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुनी दैवते, श्राद्ध, पिंडदान यांचा त्याग आहे, तशीच मनुष्यमात्राच्या समतेची ग्वाही आहे. भिक्षूंच्या परंपरेत अशा प्रतिज्ञा नाहीत, म्हणून काहींनी त्यांवर आक्षेप घेतला. परंतु पूर्वमताचा विधिपूर्वक त्याग ही गोष्ट भारतीय दीक्षेला नवीन नाही. शैवांचा लिंगोद्धार तेच करीत होता. नवे होते ते हे, की येथे केवळ मत सोडावयाचे नसून त्या मताने दिलेली जन्माची पायरीही सोडावयाची होती.

आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले; दीक्षासमारंभ मात्र पुढेही गावोगाव होत राहिले. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सु. २८ लाख झाली. या प्रवेशाची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता आणि १९५६ मध्ये तो शिखांना लागू झाला. त्यामुळे बौद्ध म्हणून नाव नोंदविणाऱ्याला केंद्राच्या सवलतींना मुकावे लागे. अनेकांनी घरात बुद्धमूर्ती ठेवून कागदावर जुनी जात चालू ठेवली ती यामुळेच. १९९० मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला.

नागपुरातील ज्या मैदानावर हा समारंभ झाला ते आता ‘दीक्षाभूमी’ म्हणून ओळखले जाते. तेथील स्तूपाचे उद्‌घाटन २००१ मध्ये झाले. स्मरणाचा दिवस विजयादशमीच्या तिथीने व १४ ऑक्टोबर या तारखेनेही पाळला जातो. दोन्ही वेळी देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक येतात आणि नव्याने येणाऱ्यांना भिक्षूंच्या मागोमाग त्रिशरण-पंचशील म्हणवून धम्मदीक्षा दिली जाते.